कार्बन फायबरचा शाफ्ट की मॅपलचा? एका ‘तुलनात्मक अभ्यासा’ची गोष्ट

मागच्या वेळी आपण रिसर्च प्रपोजलमधला ‘उद्दिष्टे’ हा भाग बघितला होता. आज एका शब्दाबद्दल बोलू, जो आपल्याकडच्या निम्म्या प्रपोजलांच्या शीर्षकात असतोच: ‘तुलनात्मक अभ्यास’. अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास. ऐकायला सोपं वाटतं, दोन गोष्टी घ्यायच्या, मोजायच्या, टेबल काढायचं. मलाही तसंच वाटायचं. माझा हा समज माझ्या धाकट्या भावाने मोडला, आणि तेही पूल खेळायच्या काठीवरून.

झालं असं, की जुलैतल्या एका रविवारी तो घरी आला. कळंबोलीत आमच्या गल्लीत पाणी साचलेलं, बाहेर स्टील मार्केटच्या ट्रकांची रांग. तो तिथेच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे आणि शनिवारची संध्याकाळ पूल पार्लरमध्ये काढतो. हौस म्हणून सुरू केलं, आता छोट्या स्पर्धा खेळतो. त्याने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर काळा कुळकुळीत कार्बन फायबरचा शाफ्ट. किंमत बघून मी हादरले. चांगल्या कंपनीचा शाफ्ट अमेरिकेतच काहीशे डॉलरचा, त्यात आयात कर आणि कुरिअर. भावाच्या दीड पगाराचा हिशोब होता.

“ताई, तू कार्बन फायबरवरच पीएच.डी. करतेस ना? मग सांग, घेऊ की नको? सगळे म्हणतात नेम सुधारतो.”

माझा विषय कार्बन-इपॉक्सी कंपोझिट आणि त्यात मुरणारा ओलावा. म्हटलं, हा तर आपलाच प्रश्न, अर्ध्या तासात सांगते. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले.

आधी ‘चांगला’ म्हणजे काय ते ठरवा

ज्यांनी कधी क्यू हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूलची काठी दोन तुकड्यांची असते. मागचा जाड भाग तो बट, पुढचा निमुळता तो शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला छोटी टोपी असते, ती फेरूल, आणि तिच्यावर चामड्याची टिप. पूलचे शाफ्ट परंपरेने हार्ड मॅपलच्या लाकडाचे, स्नूकरचे बहुतेक ॲशच्या लाकडाचे.

हा खेळ आपल्याला परका नाही बरं का. स्नूकरचा जन्मच १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीतला. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. हे सगळं लाकडी काठीवर. म्हणजे लाकडाने जग जिंकता येतं, हे आधीच सिद्ध आहे. प्रश्न एवढाच, की कार्बन काही वेगळं देतो का, आणि देत असेल तर नेमकं काय.

इथे पहिली चूक होते. भाऊ म्हणत होता ‘चांगला’. चांगला हा मोजता येणारा गुण नाही. मी त्याला विचारलं, चांगला म्हणजे नक्की काय? तो म्हणाला, साइड मारली की बॉल भलतीकडे जातो, तो जाऊ नये. आता हे मोजता येतं.

साइड म्हणजे पांढरा बॉल मध्यावर न मारता डावी-उजवीकडे मारून त्याला फिरकी देणं. समजा तुम्ही उजव्या बाजूला टिप लावलीत. काठी सरळ पुढे गेली, तरी बॉल सरळ जात नाही, किंचित डावीकडे सटकतो. याला खेळाडू डिफ्लेक्शन म्हणतात. पुढे तोच बॉल कापडावर फिरकीमुळे हळूहळू उलट वळतो आणि दुसऱ्या बॉलला लागताना घर्षणाने त्यालाही थोडा ढकलतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शाफ्ट बदलल्याने थेट बदलते ती फक्त पहिली. भावाच्या तक्रारीत तिन्ही एकत्र कालवलेल्या होत्या.

बिलियर्ड्सचं गणित जुनं आहे. कोरिऑलिस हे नाव तुम्ही चक्रीवादळांच्या धड्यात ऐकलं असेल. त्याच कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्डच्या बॉलवरच्या फिरकीचा गणिती ग्रंथ लिहिला होता. अलीकडच्या काळात रॉन शेपर्ड यांनी डिफ्लेक्शनचं गणित मांडलं, आणि कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचे डेव्हिड अल्सिएटोर यांनी त्यावर भरपूर प्रयोग आणि हाय-स्पीड व्हिडिओ केले. त्यामुळे मला शून्यापासून सुरुवात करायची नव्हती. हे पण लक्षात ठेवा: भावाचा प्रश्न घरगुती असला, तरी आधी कोणी काय केलंय ते बघायचंच.

बॉल सटकतो का?

टिप आणि बॉल एकमेकांना साधारण एक मिलिसेकंदच चिकटून असतात. सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात बॉल फिरायला लागतो आणि फिरताना टिपेला बाजूला ढकलतो. टिप बाजूला जायला जेवढी कुरकुर करते, तेवढाच उलटा धक्का बॉलला बसतो. टिपेकडचा भाग जड असेल तर कुरकुर जास्त, म्हणून बॉल जास्त सटकतो. हलका असेल तर टिप निमूट बाजूला होते, बॉल कमी सटकतो.

सगळी काठी यात भाग घेत नाही. दोरीला एका टोकाला झटका दिला की लहर दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो ना, तसंच. एका मिलिसेकंदात बाजूचा धक्का शाफ्टच्या पुढच्या साधारण १२ ते २० सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. त्या भागाचं जे परिणामकारक वस्तुमान, त्याला आपण ‘टोकाचं वजन’ म्हणू. बट कितीही जड असो, डिफ्लेक्शनला फरक पडत नाही.

समीकरण शब्दांत सांगते. टिप मध्यापासून जितकी लांब (त्रिज्येच्या पटीत), तिला ‘ख’ म्हणा. (१ − ख²) चं वर्गमूळ काढा, त्याला ‘ग’ म्हणा. मग सटकण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे

(२.५ × ख × ग) भागिले (१ + २.५ × ग² + बॉलचं वजन ÷ टोकाचं वजन)

हे पाठ करू नका, स्वतः काढून बघा. संवेग, कोनीय संवेग आणि ‘टिप बॉलवर घसरत नाही’ ही अट, एवढंच लागतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र.

आता आकडे घालू. पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा, १५६ ते १७० ग्रॅमच्या मधला. मी १६५ ग्रॅम धरला. टिप त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे ख = ०.५. याच्याही बाहेर गेलात तर टिप घसरून मिसक्यू होतो.

टोकाचं वजन ८ ग्रॅम: कोन सुमारे २.६ अंश, एक मीटरवर ४.६ सेंमी
टोकाचं वजन ६ ग्रॅम: कोन सुमारे २.० अंश, एक मीटरवर ३.६ सेंमी
टोकाचं वजन ५ ग्रॅम: कोन सुमारे १.७ अंश, एक मीटरवर ३.० सेंमी
टोकाचं वजन ४ ग्रॅम: कोन सुमारे १.४ अंश, एक मीटरवर २.५ सेंमी

दोन गोष्टी बघा. एक, ४ ग्रॅमचा फरक पडला तरी मीटरभर अंतरावर दोन सेंटिमीटर. खेळात हे खूप आहे, पॉट आणि मिस यांच्यातला फरक आहे. दोन, कोणत्याही ओळीत शून्य नाही. ‘डिफ्लेक्शन नाहीच’ असा दावा कोणी केला तर समीकरणाला ते मान्य नाही. आणि सूत्रात ‘कार्बन’ किंवा ‘लाकूड’ असा शब्दच नाही. फक्त वजन आहे.

माझा पहिला हिशोब, आणि त्यातली चूक

मग मी जोशात हिशोब केला. हार्ड मॅपलची घनता साधारण ०.७ ग्रॅम प्रति घन सेंमी. कार्बन-इपॉक्सीची १.५५. म्हणजे कार्बन लाकडाच्या दुपटीहून जड! अनेकांना हे माहीत नसतं. कार्बन फायबर ‘हलकं’ म्हणतात ते पोलाद-ॲल्युमिनियमच्या तुलनेत. लाकडाच्या तुलनेत नाही. शाफ्ट हलका होतो तो नळी असल्यामुळे.

१२.५ मिमी व्यासाचा भरीव मॅपल घ्या. दर सेंटिमीटरला ०.८६ ग्रॅम. त्याच व्यासाची कार्बनची नळी, भिंत १.२५ मिमी, दर सेंटिमीटरला ०.६९ ग्रॅम. म्हणजे २० टक्के हलकी. भिंत १ मिमी केली तर ०.५६ ग्रॅम, ३५ टक्के हलकी. पण भिंत २ मिमी केली की १.०२ ग्रॅम, लाकडापेक्षा जड! काटा १.६ मिमीच्या आसपास फिरतो.

मी भावाला फोन केला. “भिंत पातळ असेल तर घे, नक्की फायदा.” तो खूश. मीही खूश.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की आपण दोरीची उपमा दिली आणि विसरलो. लहर किती लांब पोचते ते दोरीच्या ताठपणावर अवलंबून असतं. कार्बनची नळी लाकडापेक्षा कितीतरी ताठ. मॅपलचा यंग मोड्युलस तंतूंच्या दिशेने साधारण १२.५ गिगापास्कल. कार्बनच्या सगळ्या तंतूंची दिशा एकच असेल तर १३० च्या पुढे, पण नळीत काही थर तिरके गुंडाळलेले असतात, म्हणून मी ८० धरला. भूमितीचा हिशोब केल्यावर १.२५ मिमी भिंतीची नळी मॅपलपेक्षा जवळपास पावणेचार पट ताठ निघाली. ताठ शाफ्टमध्ये वाकण्याची लहर त्याच एका मिलिसेकंदात जास्त लांब जाते. म्हणजे जास्त लांबीचं वजन ‘टोकात’ मोजलं जातं.

वाकणाऱ्या लहरीच्या साध्या सिद्धांताप्रमाणे टोकाचं वजन हे ‘दर सेंटिमीटरचं वजन’ याच्या पाऊण घाताच्या आणि ‘ताठपणा’ याच्या पाव घाताच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतं. पुन्हा आकडे घातले:

भिंत १.२५ मिमी, मोड्युलस ८०: मॅपलच्या १.१८ पट
भिंत १.० मिमी, मोड्युलस ८०: मॅपलच्या ०.९७ पट
भिंत १.० मिमी, मोड्युलस ६०: मॅपलच्या ०.९० पट

बघा आता. जी नळी २० टक्के हलकी म्हणून मी शाबासकी दिली, तीच ताठपणा धरल्यावर लाकडापेक्षा वाईट निघाली. अर्थात हा ढोबळ अंदाज आहे. यात फेरूल आणि टिप धरलेली नाही, आणि टोकाचा एक ग्रॅम आणि पंधरा सेंटिमीटर मागचा एक ग्रॅम यांची किंमत सारखी नसते. खरे डिझायनर तिथेच खेळतात: फेरूल छोटी करणं, पुढचा भाग पोकळ ठेवणं किंवा आत हलका फोम भरणं, थरांची दिशा बदलणं. पण मुद्दा स्पष्ट आहे. ‘कार्बन आहे म्हणून डिफ्लेक्शन कमी’ हे वाक्य चुकीचं आहे. कमी डिफ्लेक्शन डिझाइनमधून येतं. म्हणूनच १९९० च्या दशकात प्रिडेटर कंपनीने ‘आयर्न विली’ नावाच्या यंत्रावर चाचण्या करून कमी डिफ्लेक्शनचे शाफ्ट आणले ते लाकडाचेच होते, पुढून पोकळ केलेले.

मी सकाळी भावाला परत फोन केला. “थांब, घेऊ नकोस.” तो म्हणाला, “ताई, काल तर घे म्हणालीस.” खरंय. मी एकच चल बघून निष्कर्ष काढला होता, आणि तो बदलताना सोबत दुसरा बदलतोय याकडे दुर्लक्ष केलं होतं.

ब्रँडची तुलना करताना

मग भाऊ म्हणाला, बरं, निदान कोणता कार्बन शाफ्ट बरा ते सांग. बाजारात पर्याय बरेच. प्रिडेटरचा रेव्हो २०१६ च्या सुमारास आला आणि कार्बनची लाट सुरू झाली. तो ११.८, १२.४ आणि १२.९ मिमीत मिळतो. क्यूटेकचा सिनर्जी १०.५, ११.८ आणि १२.५ मध्ये. मेझचा इग्नाइट १२.२. मॅकडर्मटचा डिफाय १२.

आता एखाद्याने १२.४ चा रेव्हो आणि १०.५ चा सिनर्जी मारून बघितले आणि म्हणाला ‘सिनर्जीत डिफ्लेक्शन कमी’, तर त्याने काय मोजलं? कंपनी, की जाडी? सांगता येणार नाही. वर टिपही वेगळी असते. एकावर मऊ, एकावर कडक. टिप स्वतः टोकाच्या वजनात मोजली जाते, आणि तिच्या मऊपणावर संपर्काचा वेळ बदलतो. निमुळतेपणा वेगळा, जॉइंट वेगळा, त्यामुळे काठीचा तोल वेगळा. म्हणजे एका वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि श्रेय एका नावाला दिलं.

घ्यायचा असेल त्याने आधी एवढं बघावं: आपल्या बटच्या जॉइंटचे आटे कोणते आहेत. ते जुळत नसतील तर सगळी तुलना तिथेच संपली. मग जाडी आपल्या सवयीच्या जवळची घ्यावी. मग टिप.

पार्लरमधला प्रयोग

कागदावर पुरे झालं, प्रत्यक्ष बघू म्हटलं. भावाच्या ओळखीच्या एका खेळाडूने त्याचा कार्बन शाफ्ट दोन शनिवारांसाठी दिला. पार्लरच्या मालकाने दुपारी रिकामं टेबल दिलं, अट एकच, कापडावर काही चिकटवायचं नाही.

आमची मांडणी अगदी साधी होती. दूरच्या कुशनवर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर, हो, तोच जुना ऑफिसातला. बॉल आपटला की ठिपका उमटतो. पांढऱ्या बॉलऐवजी पट्टेवाला बॉल घेतला, पट्टा उभा ठेवून. पट्ट्याची कड साधारण निम्म्या त्रिज्येवर येते, त्यामुळे नेम कुठे धरायचा ते कळतं, आणि शॉटनंतर चॉकचा डाग बघून टिप खरंच कुठे लागली तेही कळतं. शॉट जोरात आणि काठी शक्य तितकी आडवी, म्हणजे बॉल वाटेत वळायला कमी वेळ.

पहिल्या शनिवारी आधी लाकडाने सगळे शॉट मारले, मग कार्बनने. कागद काढले. कार्बनचे ठिपके स्पष्टपणे जवळ आणि एकत्र. भावाने टाळी मागितली.

मी टाळी दिली नाही. कारण लाकडाच्या वेळी त्याचा हात गार होता, कार्बनच्या वेळी तापलेला. शिवाय कार्बनवर त्याचा जीव होता. तो काळा शाफ्ट हातात आला की त्याचा पवित्राच बदलायचा. आणि दोनतीन शॉट ‘चुकून लागले’ म्हणून आम्ही सोडले होते. ते सगळे कार्बनचे होते. मुद्दाम नाही केलं कोणी. पण केलं.

दुसऱ्या शनिवारी आधी वहीत नियम लिहिले. दोन्ही शाफ्टना एकाच प्रकारच्या नव्या टिपा. प्रत्येक शॉटआधी नाणं उडवायचं, छापा आला तर लाकूड, काटा आला तर कार्बन. चॉकचा डाग पट्ट्याच्या कडेपासून ठरलेल्या अंतराबाहेर असेल तरच शॉट रद्द, आणि ते ठरवायचं ठिपका बघायच्या आधी. कागदामागे फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाला कोणता शाफ्ट ते एक मित्र वेगळ्या वहीत लिहिणार. ठिपके मी मोजणार, टेबलाकडे पाठ करून बसून.

घरी येऊन दोन वह्या जुळवल्या. फरक होता. कार्बनचा सरासरी ठिपका अजूनही सरळ रेषेच्या जवळ होता, पण पहिल्या शनिवारच्या मानाने फरक बराच लहान. आणि महत्त्वाचं हे, की एकाच शाफ्टचे ठिपके आपापसात जेवढे पसरले होते, तो पसारा दोन शाफ्टमधल्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणजे भावाच्या हाताची चूक शाफ्टच्या फरकाहून मोठी होती.

हे त्याला सांगणं मला जड गेलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे पैसे हातावर खर्च करायचे.”

पावसाळ्याचा मुद्दा

इथे थांबले असते तर कार्बनवर अन्याय झाला असता. कारण आम्ही मोजलं एकच, डिफ्लेक्शन. शाफ्टचं आयुष्य एका शनिवारचं नसतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा राहतो, ८५-९० टक्के झाली की १८ ते २० टक्के. पनवेल परिसरात जुलै-ऑगस्टमध्ये काय असतं ते कपाटातल्या चपलांना विचारा. हा सहा-सात टक्क्यांचा फरक १२.५ मिमीच्या मॅपलला एका दिशेने साधारण ०.१ मिमी आणि दुसऱ्या दिशेने ०.२ मिमीहून जास्त फुगवू शकतो. दोन दिशांना वेगळं फुगतं, म्हणून गोल शाफ्ट किंचित लंबगोल होतो, खडबडीत लागतो, आणि तंतू तिरके असतील तर वाकतो. भावाचा शाफ्ट टेबलावर लोळवून बघितला, टोक चक्क उड्या मारत होतं. कार्बन-इपॉक्सी पूर्ण मुरलं तरी वजनाच्या एक-दोन टक्केच पाणी घेतं, आणि तंतू त्याला जागचं हलू देत नाहीत. सरळ राहणं या कसोटीवर कोकणपट्टीत कार्बन सरळसरळ पुढे आहे.

एक सावधगिरी. कार्बनचा शाफ्ट सँडपेपरने घासू नका. त्याची धूळ कातडीला आणि श्वासाला त्रास देते, आणि तंतू कापले की नळी कमकुवत होते. ओल्या फडक्याने पुसा, बस.

म्हणजे उत्तर काय? ‘नेम सुधारेल म्हणून घे’ याला आमच्या प्रयोगात आधार मिळाला नाही. ‘पावसाळ्यात वाकणार नाही म्हणून घे’ याला भक्कम आधार आहे. वस्तू तीच, किंमतही तीच, फक्त घेण्याचं कारण बदललं. आणि कारण बदललं की निर्णयही बदलतो. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. डिफ्लेक्शन कमी असो वा जास्त, हाताला त्याची सवय असते. ऐन वेळी शाफ्ट बदलला की सवय चुकते. म्हणून त्याने तेव्हा शाफ्ट घेतला नाही. नवी टिप ठेवली, आणि सरळ शॉटचा सराव रोज अर्धा तास सुरू केला. दिवाळीनंतर वापरलेला एखादा कार्बन शाफ्ट बघू, असं ठरलंय.

तुमच्या प्रपोजलसाठी

‘तुलनात्मक अभ्यास’ लिहिण्याआधी स्वतःला हे प्रश्न विचारा. मी ज्याला ‘चांगलं’ म्हणतोय ते कोणत्या एककात मोजणार? एक गोष्ट बदलताना सोबत आणखी काय बदलतंय? माप घेण्याचा क्रम कोणी ठरवला, मी की नाण्याने? कोणतं माप टाकून द्यायचं याचा नियम निकाल दिसायच्या आधी लिहिलाय का? मोजणाऱ्याला माहीत आहे का, की तो काय मोजतोय? आणि फरक दिसला तर तो आतल्या पसाऱ्यापेक्षा मोठा आहे का? मुलाखतीत हे सहा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. आधीच उत्तर तयार असेल तर घाम फुटत नाही.

आता शेवटचं, जे खरं तर मला लिहायचं नव्हतं.

वह्या जुळवून झाल्यावर भाऊ सहज म्हणाला, “ताई, तुझ्या थिसिसमध्ये पण असंच नाणं उडवतेस का गं?”

मी हसले आणि विषय बदलला. पण रात्री लॅबची वही उघडली. माझ्या तिसऱ्या प्रकरणात कोरड्या आणि ओलावा मुरवलेल्या नमुन्यांची तुलना आहे. कोरडे सगळे नमुने मी फेब्रुवारीत तपासले होते. ओले सगळे जूनच्या शेवटी. मधल्या काळात यंत्राचे ग्रिप बदलले होते, आणि माझा हातही पुष्कळ बसला होता. जो फरक मी ओलाव्याच्या नावावर लिहिला होता, त्यात किती वाटा ओलाव्याचा, किती ग्रिपचा आणि किती माझा, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. लाकूड आधी, कार्बन नंतर. अगदी तेच.

दुसऱ्या दिवशी गाईडसरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “आत्ता कळलं हे बरं झालं. परीक्षकांनी विचारलं असतं तर?” नवे नमुने करायला टाकलेत. या वेळी कोरडे आणि ओले एकाच आठवड्यात, मिसळलेल्या क्रमाने, फक्त क्रमांक लावून. दोन महिने गेले म्हणायचे. माझ्या टेबलाच्या खणात आता एक रुपयाचं नाणं असतं.